कात्रीत न सापडणारं पात्र

प्रश्न : आम्ही तिघं मिळून एक श्राव्य विज्ञानकथा-मालिका लिहितो. चार पर्वं, ९६ भाग झाले. पाचव्याची जुळवाजुळव चालू आहे. यानावरचा मुख्य इंजिनिअर पहिल्या भागापासून आहे आणि श्रोत्यांचा लाडका आहे. तो समलिंगी आहे हे या पर्वात यावं असं मला वाटतं. एक सहलेखक म्हणतो, ‘चार पर्वं नव्हता, आता कुठून झाला?’ सहलेखिकेचं म्हणणं, परग्रहावरच्या एखाद्या जमातीचं रूपक घेऊ, म्हणजे कुणाला टोचणार नाही. त्यात पर्वाच्या शेवटी एक मोठा मृत्यू ठरलाय आणि तो नेमका याच इंजिनिअरचा आहे. शिवाय एक नॉन-बायनरी, म्हणजे स्वतःला पुरुषही न मानणारं आणि स्त्रीही न मानणारं, पात्र आणायचंय, पण मराठीत त्याला ‘तो’ म्हणायचं, ‘ती’ म्हणायचं की ‘ते’, इथेच गाडी अडली आहे. काय करावं?

उत्तर : प्रश्न चार आहेत, पण सगळ्यांना एकच कसोटी लावता येते. उद्या कुणी कात्री घेऊन बसलं, तर तुमच्या इंजिनिअरचं प्रेम कथेला ओरखडाही न उमटता कापून टाकता येईल का? येत असेल तर ते वरून चिकटवलेलं आहे असं समजा आणि पुन्हा लिहायला घ्या.

ही कात्री खरोखर चालते. ‘स्टार वॉर्स’च्या २०१९च्या ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’मध्ये विजयाच्या जल्लोषात कमांडर डेसी आणि वैमानिक टाइस या दोघी एकमेकींचं चुंबन घेतात. पडद्यावर ते जेमतेम दोन-तीन सेकंद दिसतं. सिंगापूरमध्ये तेवढे सेकंद वगळून चित्रपट दाखवला गेला आणि कथेत काही हललं नाही. हलणार तरी काय? टाइस या बाईंची आपल्याला आधीची ओळखच नव्हती. असं दृश्य लिहितानाच त्याच्या कडेला ‘येथे कापा’ अशी तुटक रेघ आखलेली असते.

याच्या उलट ‘स्टार ट्रेक : डिस्कव्हरी’च्या पहिल्या पर्वाचा पाचवा भाग, २०१७चा. शास्त्रज्ञ स्टॅमेट्स आणि डॉक्टर कल्बर रात्री शेजारी शेजारी उभे राहून दात घासताहेत. कल्बर चिडलाय, कारण स्टॅमेट्सनं जिवावर बेतेल असा प्रयोग स्वतःवरच केलाय. दोघं जोडीदार आहेत हे इथे कळतं, कुणी घोषणा करत नाही. आणि शेवटी स्टॅमेट्स आरशासमोरून निघून जातो, पण त्याचं प्रतिबिंब तिथेच थांबतं. पुढच्या सगळ्या उलथापालथीची ती पहिली खूण आहे. हे दृश्य कापलं तर नातं जातं आणि त्याच्याबरोबर कथेचा खिळाही जातो. तुमच्या पाचव्या पर्वासाठी नमुना हवा असेल तर हा घ्या.

ग्लाड या अमेरिकी संस्थेनं २०१३मध्ये चित्रपटांसाठी ‘व्हिटो रूसो कसोटी’ मांडली, तिचं तिसरं कलम जवळपास हेच सांगतं : पात्र काढून टाकल्यावर कथेत ठळक फरक पडला पाहिजे. पहिलं कलम, पात्र एलजीबीटी आहे हे निःसंदिग्ध कळलं पाहिजे. दुसरं, तेवढीच त्याची ओळख असता कामा नये. तुमचा इंजिनिअर दुसऱ्या आणि तिसऱ्या कलमात ९६ भाग आधीच उत्तीर्ण आहे. राहिलंय फक्त पहिलं. म्हणजे जुनं पात्र निवडलंत हे बरंच झालं.

आता सहलेखकाची शंका. ती अगदीच फुसकी नाही. २०१६च्या ‘स्टार ट्रेक बियाँड’मध्ये यानचालक सुलूला नवरा आणि मुलगी असल्याचं दाखवलं, तेव्हा साठच्या दशकात सुलू साकारणारे जॉर्ज टकेई, जे स्वतः २००५पासून उघडपणे समलिंगी आहेत, तेच नाराज झाले. मूळ कल्पनेतला सुलू तसा नव्हता. समलिंगी पात्र हवं तर नवं घडवा, असं त्यांचं म्हणणं. सहपटकथाकार सायमन पेग यांनी आदर राखून उलट बाजू मांडली : नवं पात्र आणलं असतं तर प्रेक्षकांच्या लेखी तो ‘तो समलिंगी’ एवढाच उरला असता, सुलूला मात्र लोक पन्नास वर्षं ओळखतात. आमचं मत पेग यांच्या बाजूनं पडतं, एका अटीवर. जुन्या भागांतलं एकही वाक्य खोटं पडता कामा नये. सुलूच्या बाबतीत ते जमण्यासारखं होतं, कारण जुन्या मालिकेत त्याच्या प्रेमाबिमाला जवळपास जागाच नव्हती आणि मुलगी होती हे तर १९९४च्या चित्रपटातच आलेलं होतं. त्यांनी मोकळी जागा हेरली आणि होती त्या मुलीला दुसरा बाप दिला.

तुम्हीही आधी हीच शोधाशोध करा. ९६ संहितांमधून इंजिनिअरच्या तोंडचं आणि त्याच्याबद्दलचं सगळं एका फाइलमध्ये काढा. ज्या वाक्यांत जोडीदार, घर, पूर्वीचं प्रेम, लग्न, मूल, कुणाचं दिसणं असा काही उल्लेख आहे, तेवढीच वेगळी ठेवा. पन्नासएक निघाली तर पुष्कळ झाली. त्यांचे तीन ढीग होतात. काही वाक्यं नव्या गोष्टीशी आपोआप जुळतात. काहींना अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो. आणि काही सरळ आड येतात : ‘माझी बायको म्हणायची’, किंवा तिसऱ्या पर्वात सहवैमानिकेवर भाळलेला असतानाचे चार भाग. हा तिसरा ढीग रिकामा असेल तर रान मोकळं. त्यात काही असेल तर पात्र समलिंगी करण्याचा हट्ट सोडा, उभयलैंगिक करा. मग जुनं प्रेमही खरं आणि नवंही खरं. मात्र ‘तेव्हा मी स्वतःला फसवत होतो’ ही पळवाट वापरू नका. आयुष्यात असं घडतं, पण मालिकेत ते लेखकांनी हिशेब जुळवल्यासारखं ऐकू येतं, आणि चार भाग मन लावून ऐकलेल्या श्रोत्याला उल्लू बनवल्यासारखं वाटतं.

शब्दाबद्दल जाता जाता. ‘उभयलिंगी’ लिहू नका. शाळेच्या पुस्तकात गांडूळ उभयलिंगी असतं. परग्रहावरचे जीव असलेल्या मालिकेत हा शब्द वापरलात तर श्रोते भलतंच काहीतरी डोळ्यांसमोर आणतील. ‘उभयलैंगिक’ किंवा सरळ ‘बायसेक्शुअल’ म्हणा.

जुन्या गोष्टीवर मागाहून प्रकाश टाकण्याचं काम जमलं की किती जमतं आणि त्यातच कसं चुकतं, हे एकाच उदाहरणात दिसतं. नव्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’त २००५मध्ये अॅडमिरल केन येते. जिना नावाच्या कैदी सायलॉन स्त्रीचे (सायलॉन म्हणजे माणसांशी लढणारे यंत्रमानव, त्यांतले काही हुबेहूब माणसासारखे दिसतात) ती अनन्वित हाल करवते. इतका द्वेष का, हे तेव्हा नीट उलगडत नाही. २००७च्या ‘रेझर’मध्ये कळतं की जिना केनची प्रेयसी होती आणि तिनं दगा दिला होता. एका झटक्यात जुने भाग जास्त अर्थपूर्ण झाले. रचना म्हणून सुरेखच. पण अख्ख्या मालिकेत स्त्रीवर प्रेम करणारी ठळक स्त्री कोण, तर छळ करवणारी सेनाधिकारी. एकच पात्र असलं की सगळ्या समूहाचं ओझं त्याच्या डोक्यावर येतं. म्हणून एकावर थांबू नका. दुसरं कुणीतरी हवंच, भले ते मालगोदामातलं दोन भागांपुरतं पात्र असो.

सबुरीनं पेरायचं असेल तर ‘बॅबिलॉन ५’ बघा. १९९५मध्ये दुसऱ्या पर्वात इव्हानोव्हा आणि टालिया या दोन स्त्रियांमधली जवळीक अगदी दबक्या आवाजात येते, आणि पुढच्या पर्वात इव्हानोव्हा एका वाक्यात सांगून टाकते की टालियावर तिचं प्रेम होतं बहुधा. त्याच मालिकेत १९९७मध्ये मार्कस आणि डॉक्टर फ्रँकलिन मंगळावर नवपरिणीत जोडप्याच्या खोट्या ओळखीनं जातात. गंमत केली जाते ती त्या दोघांच्या अवघडलेपणाची. दोन पुरुषांचं लग्न झालंय याचं त्या जगात कुणाला काही वाटत नाही. एका ओळीत भविष्यकाळाचा नियम सांगून झाला.

तो नियम तुम्हीही लेखणी उचलण्याआधी ठरवा : तुमच्या जगात या गोष्टीचं लोकांना काही वाटतं की नाही? वाटत नसेल, तर इंजिनिअरनं घाबरत घाबरत कबुली देण्याचं दृश्य तिथे बसत नाही. ते आजच्या काळातून उचललेलं वाटेल. वाटत असेल, तर त्याची झळ चार पर्वांत आधी कुठे दिसली होती ते शोधा. आम्ही तुमच्या जागी असतो तर पहिला पर्याय घेतला असता. ‘स्टार ट्रेक’ची खरी पंचाईत हीच होती. १९६६पासून सांगत आले की भविष्यात भेदभाव उरलेला नाही, पण नेहमीच्या पात्रांमध्ये उघड समलिंगी जोडपं मालिकेत यायला २०१७ उजाडलं. नियम उदार आणि यान मात्र रिकामं.

पहिला उल्लेख किती लांब असावा? दहा शब्दांच्या आत. मराठीत तो अतिशय स्वस्तात होतो, कारण आपली क्रियापदं लिंग बोलतात. ‘माझा नवरा दोन महिने त्या खाणीवर होता, त्याला विचारतो’ एवढ्यात काम होतं. आणि त्याच खाणीचा नकाशा नवऱ्याकडून मिळाल्यावर यान वाचणार असेल, तर कात्रीला जागाच उरत नाही. उल्लेख पहिल्या किंवा दुसऱ्या भागातच येऊ द्या. शेवटाकडे आला तर तो धक्का ठरतो आणि लोक धक्क्याचीच चर्चा करतात. ‘डॉक्टर हू’नं २०१७मध्ये बिल पॉट्सला आणलं, तेव्हा तिनं पहिल्याच दृश्यांत, कँटीनमध्ये आवडलेल्या मुलीला जास्तीच्या चिप्स वाढल्याचा किस्सा सांगून टाकला. त्याच भागातल्या हेदर या मुलीबद्दलची तिची ओढ कथेला पुढे नेते, आणि बाराव्या भागात तीच हेदर परत येऊन बिलला वाचवते. पहिल्या भागात ठेव, शेवटच्या भागात व्याजासह परत.

यातला धोका असा की मराठीत लपवणंही तितकंच सोपं आहे. ‘घरी वाट बघत असेल कुणीतरी’ यात काहीच कळत नाही. ‘असेल’ला लिंग नाही. अशी वाक्यं सुंदर वाटतात आणि लेखकाला सुरक्षितही वाटतात. चार भाग अशा धुक्यात काढलेत तर तुम्ही श्रोत्यांना गाजर दाखवताय, आणि ज्यांना ते हवं आहे त्यांना ते लगेच कळतं. श्राव्य माध्यमात नजर दिसत नाही, हातात हात दिसत नाही. जे बोललं नाही ते झालंच नाही.

त्याच माध्यमातल्या आणखी दोन गोष्टी. इंजिनिअरचा आवाज बदलू नका. ९६ भाग जसा बोलला तसाच बोलू द्या. नवऱ्यासाठी नट निवडताना आवाजाची पट्टी आणि बोलण्याची गती दोन्ही वेगळ्या असू द्या, नाहीतर भांडणात कोण बोलतंय ते कळणार नाही. आणि दोघं एकमेकांना ‘अरे’ म्हणू देत. एकानं दुसऱ्याला ‘अहो’ म्हटलं की श्रोत्याच्या डोक्यात नवरा कोण आणि बायको कोण हा हिशेब सुरू होतो. विनोद म्हणून एकदा चालेल, सवय म्हणून नको.

सहलेखिकेच्या रूपकाचं काय? रूपक ही विज्ञानकथेची जुनी आणि मोलाची युक्ती आहे. पण या विषयात तिनं जितकं दिलंय तितकंच लांबणीवरही टाकलंय. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’च्या पहिल्याच पर्वासाठी डेव्हिड गेरोल्ड यांनी ‘ब्लड अँड फायर’ ही एड्सच्या सावलीतली पटकथा लिहिली होती, तिच्यात यानावरचं एक पुरुष जोडपं होतं. ती तेव्हा चित्रित झालीच नाही. पुढे चाहत्यांनी काढलेल्या मालिकेत तिला जागा मिळाली, वीसेक वर्षांनी. मधल्या काळात अधिकृत मालिकेनं काय दिलं, तर रूपकं.

१९९२चा ‘द आउटकास्ट’ घ्या. लिंगभेद नसलेली जैनाई ही जमात, तिथे स्वतःला स्त्री मानणं हा गुन्हा. सोरेन नावाची व्यक्ती ते मान्य करते, यानावरचा अधिकारी रायकर याच्या प्रेमात पडते, आणि शेवटी ‘उपचार’ करून तिला बरं केलं जातं. ती म्हणते, आता मी सुखी आहे. हेतू उमदा. पण सगळ्या जैनाई व्यक्तिरेखा स्त्रियांनीच केल्या होत्या, त्यामुळे पडद्यावर दिसतं ते एक पुरुष आणि एक स्त्री. रायकर साकारणारे जोनाथन फ्रेक्स यांनी नंतर जाहीरपणे म्हटलं की सोरेनची भूमिका पुरुषाला द्यायला हवी होती. त्याआधीच्या वर्षीचा ‘द होस्ट’ याच उंबऱ्यावर अडखळतो : डॉ. क्रशरचं ज्याच्यावर प्रेम, तो जीव नव्या स्त्रीदेहात येतो, आणि ती माघार घेते. ‘स्टार ट्रेक : एंटरप्राइज’चा २००३चा ‘स्टिग्मा’ एचआयव्हीचं रूपक होता. त्यात एकही समलिंगी पात्र नाही.

आणि याच घराण्यात रूपक कसं पेलावं हेही दिसतं. ‘डीप स्पेस नाइन’चा १९९५चा ‘रीजॉइन्ड’. ट्रिल समाजात मागच्या जन्मीच्या जोडीदाराशी पुन्हा नातं जोडणं निषिद्ध, शिक्षा हद्दपारीची. जाड्झिया आणि लेनारा पूर्वजन्मी पतिपत्नी होत्या. आता दोघी स्त्रिया आहेत. त्या जवळ येतात, चुंबन घेतात, आणि अख्ख्या भागात दोघी स्त्रिया आहेत याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. निषिद्ध आहे ते दुसरंच. म्हणजे रूपकाच्या आत जे लपवायचं तेच समोर उघड उभं आहे. सहलेखिकेला हे सुचवा : जमात आणा, तिचा चमत्कारिक नियम आणा, पण त्या नियमाशी झगडायला इंजिनिअर आणि त्याचा नवरा यांनाच पाठवा. त्यांना वगळून रूपक आणलंत तर टोचणारही नाही आणि पोचणारही नाही.

एक ग्रह, एक भाग, एक सण अशी कुंपणंही घालू नका. ‘द ओल्ड रिपब्लिक’ हा ‘स्टार वॉर्स’चा ऑनलाइन खेळ २०११च्या अखेरीस आला, तेव्हा त्यात समलिंगी प्रेमाचा पर्यायच नव्हता. २०१३च्या विस्तारात तो आला, पण माकेब या एका नव्या ग्रहापुरता. खेळणाऱ्यांनी त्याला ‘गे प्लॅनेट’ म्हणून टोमणे मारले, आणि ते बरोबरच होतं. तशीच दुसरी अडगळ म्हणजे मुख्य मालिकेबाहेरची जागा. गॅलॅक्टिकातल्या गेटा आणि होशी या दोन पुरुषांचं नातं २००८-०९च्या छोट्या वेबभागांत आलं; मुख्य मालिकेत त्याचा उच्चार झाला नाही. काही आठवड्यांत गेटा बंडखोर म्हणून गोळ्या घालून मारलाही गेला. फक्त टीव्हीवर मालिका बघणाऱ्याला त्याच्या मागे कोण रडलं हे ठाऊकच नाही. तेव्हा इंजिनिअरचा नवरा वर्गणीदारांसाठीच्या खास भागात ठेवण्याचा मोह झाला, तर तो आवरा.

आता मृत्यू. तुमच्या पत्रातली आम्हाला खरी काळजी वाटणारी गोष्ट ही आहे.

‘द हन्ड्रेड’ या मालिकेत ३ मार्च २०१६च्या भागात लेक्सा मरते. नायिका क्लार्कबरोबरचं तिचं नातं अखेर जुळतं आणि पुढच्या काही मिनिटांत, क्लार्कवर झाडलेली गोळी तिला लागते. चाहत्यांचा इतका उद्रेक झाला की मुख्य निर्माते जेसन रॉथनबर्ग यांना महिना संपायच्या आत जाहीर माफी मागावी लागली. नटी दुसऱ्या मालिकेत अडकलेली होती, त्यामुळे पात्राला निरोप द्यावा लागणार हे कुणालाही समजलं असतं. राग वेगळ्याचाच होता. एक तर सुख आणि गोळी एकमेकांना चिकटून आले. दुसरं, मृत्यू भरकटलेल्या गोळीनं, म्हणजे तिच्या स्वतःच्या कुठल्याही निर्णयातून न आलेला. तिसरं, त्याआधी याच प्रेक्षकांना समाजमाध्यमांवर गोंजारून आशा लावली होती.

यातला ‘सुख आणि लगेच मृत्यू’ हा सांधा फार जुना आहे आणि अजून जिवंत आहे. ‘अँडोर’च्या २०२५च्या पर्वात वेल आणि सिंटा या दोघी दुराव्यानंतर जवळ येतात आणि त्याच मोहिमेत एका नवशिक्या बंडखोराच्या हातून चुकून सुटलेली गोळी सिंटाला लागते. त्या मालिकेत मरण कुणालाच चुकलेलं नाही, वेल जगते, आणि गोळी झाडणाऱ्या पोरासमोर उभं राहून ती जे बोलते ते अंगावर येतं. लेखन म्हणून ते लेक्साच्या प्रसंगापेक्षा कितीतरी वरचं आहे. तरी श्रोत्याच्या मनात आधीच्या डझनभर मृत्यूंची यादी असते, आणि तुमचा इंजिनिअर त्या यादीतला पुढचा आकडा होतो.

‘डिस्कव्हरी’नंही जानेवारी २०१८मध्ये कल्बरला मारलं, मान मोडून, क्षणार्धात. फरक एवढा की भाग संपल्या संपल्या निर्मात्यांनी सांगितलं, ही प्रेमकथा संपलेली नाही. २०१९मध्ये तो परत आला, आणि विशेष म्हणजे परत आल्यावर सगळं पूर्ववत झालं नाही. देह नवा, आठवणी जुन्या, मन कशातच लागेना. दोघं काही काळ वेगळेही राहिले. विज्ञानकथेत मेलेलं माणूस परत आणणं सोपं, म्हणूनच त्याची किंमत मोजलेली दाखवावी लागते.

तेव्हा आमचा सल्ला स्पष्ट आहे : या पर्वात इंजिनिअरला मारू नका. नातं उघड होणं आणि मृत्यू एकाच पर्वात आले, तर पहिली गोष्ट दुसरीची तयारी होती असंच ऐकू येणार, तुम्ही कितीही शपथा घ्या. मृत्यू कथेला हवाच असेल तर तो दुसऱ्या कुणाला द्या. नायकाला द्या, हिंमत असेल तर. ते अशक्य असेल, नट सोडून चाललाय वगैरे, तर निदान एवढं जुळवा. यानावर त्याच्यानंतरही दुसरं एलजीबीटी पात्र जिवंत आणि कामात असेल. मृत्यू त्याच्या स्वतःच्या निर्णयातून येईल. शेवटचं प्रेमाचं दृश्य आणि मृत्यू यांत किमान तीन-चार भाग जातील. आणि नवऱ्याला मागे उरलेली गोष्ट मिळेल, एका हुंदक्यापुरती नव्हे, पुढच्या पर्वात त्याचं स्वतःचं काहीतरी. ‘टॉर्चवुड’मध्ये २००९ साली इआन्टो आपला प्रियकर जॅक याच्या कुशीत मेला, कार्डिफच्या बंदराकाठी चाहत्यांनी त्याच्यासाठी उभारलेलं स्मारक पुढे कित्येक वर्षं टिकलं. लोक काल्पनिक माणसालाही विसरत नाहीत. जाहिरातीत तर ‘प्रेमाचं पर्व’ असं काही चुकूनही म्हणू नका.

राहिलं तुमचं नॉन-बायनरी पात्र. इथे मराठी लेखकाचं काम इंग्रजीपेक्षा अवघड आहे आणि जास्त मजेचंही. ‘डिस्कव्हरी’त २०२० साली अदिरा स्टॅमेट्सला दोन-तीन वाक्यांत सांगते की मला इंग्रजीतलं ‘दे’ (they) म्हटलेलं बरं वाटतं. स्टॅमेट्स बरं म्हणतो आणि कामाला लागतो. इंग्रजीत सर्वनाम बदललं की संपलं. आपण आत्ताच ‘अदिरा सांगते’ लिहिलं आणि घसरलो, ते बघा. क्रियापदानं पकडलं.

तुमच्यासमोर तीन वाटा आहेत. नपुंसकलिंगी एकवचन, ‘ते आलं’, हे लेकराला नाहीतर जनावराला म्हणतात. पात्रानं स्वतःहून निवडलं तरच वापरा. लोइस मॅकमास्टर ब्यूजोल्ड यांच्या व्होरकोसिगन कादंबरीमालिकेत बेल थॉर्न या उभयलिंगी पात्रासाठी ‘इट’ वापरलं आहे, आणि आज वाचताना ते कानाला खुपतं. आदरार्थी अनेकवचन, ‘ते आले, त्यांनी सांगितलं’, हे सभ्य आहे. अडचण एवढीच की त्यात पुरुषी छटा राहते, आणि कनिष्ठ खलाशाला कॅप्टन ‘ते’ म्हणू लागला की तो वयानं मोठा वाटतो. एका संवादात खुलासा केला की दोन-तीन भागांत कान रुळतात. आमची पसंती या वाटेला, पण तिसरीची जोड देऊन.

तिसरी वाट म्हणजे लिंग न सांगणारी वाक्यरचना, आणि मराठीत ती वाटते त्यापेक्षा पुष्कळ आहे. सकर्मक भूतकाळ कर्माप्रमाणे चालतो : ‘मी दार उघडलं’, ‘अदिरानं तार जोडली’. भविष्यकाळ मोकळा : ‘मी येईन’. वर्तमानकाळी नकार मोकळा : ‘मी जात नाही’. ‘मला वाटतं, मला यायचंय, मला दिसलं’ सगळं मोकळं. ‘मी करत आहे’ मोकळं, पण बोलताना त्याचं ‘करतोय’ किंवा ‘करतेय’ होतं आणि पकडलं जातं, म्हणून नटाला आधीच सांगून ठेवा. दगा देणारी क्रियापदं म्हणजे सगळी अकर्मक भूतकाळी, ‘गेलो, आले, बसलो’, आणि काही सकर्मक असूनही कर्त्याबरोबर जाणारी : बोलणे, विसरणे, शिकणे, जेवणे, भेटणे. ‘मी विसरले’च्या जागी ‘माझ्या लक्षात राहिलं नाही’, ‘मी त्याला भेटलो’च्या जागी ‘त्याची माझी गाठ पडली’. ‘मी पोचलो’ला ‘मी इंजिनपाशी आहे’. श्राव्य मालिकेत असं वाक्य उलट जास्त चांगलं, कारण ठिकाणही कळतं.

एक सवलतही घेता येईल. काही बोलींमध्ये बायकाही सर्रास ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. पात्राला तशी बोली दिलीत तर प्रथमपुरुषातली अर्धी अडचण मिटते, आणि ‘तू असं का बोलतेस?’ असं विचारणाऱ्याला ‘आमच्याकडे सगळेच असं बोलतात’ हे खरं उत्तर देता येतं.

संहिता तयार झाली की त्या पात्राची वाक्यं आणि त्याच्याबद्दलची वाक्यं वेगळी छापून घ्या आणि ज्याला मालिकेची काहीच माहिती नाही अशा माणसाला मोठ्यानं वाचायला द्या. जिथे तो ‘तो’ किंवा ‘ती’ गृहीत धरेल तिथे थांबवून विचारा, कुठल्या शब्दानं. बहुतेक वेळा तो शब्द एखादं निरुपद्रवी ‘निघालो’ असतं. यानावरचं कुणीतरी एकदा चुकू द्या, तिसऱ्यानं कामाच्या ओघात दुरुस्त करू द्या आणि तिथेच सोडा. माफीचं दृश्य लिहिलंत तर कात्रीला आयताच घास मिळेल.